हाडात मागे राहिलं ते

१८६८ साली प्रशियातल्या क्योनिग्सबर्ग शहरात अर्न्स्ट नॉयमान हे विकृतिशास्त्राचे प्राध्यापक हाडं दाबून त्यांतला रस काढत होते. माणसांची हाडं, सशांची हाडं. बाहेर येणारा लालसर थेंब काचेवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायचा. त्या थेंबात त्यांना पोटात केंद्रक असलेल्या लाल पेशी दिसल्या. मोठ्या माणसाच्या वाहत्या रक्तातल्या लाल पेशीला केंद्रक नसतं. म्हणजे या पेशी अजून कच्च्या होत्या, नुकत्या घडत होत्या. नॉयमान यांनी त्यावरून मांडलं की रक्त हाडाच्या पोकळीत तयार होतं आणि जन्मभर होत राहतं. त्याच वर्षी इटलीत पाव्हियाला जूलिओ बित्सोत्सेरो यांनाही स्वतंत्रपणे तेच दिसलं. तोवर हाडातला मगज म्हणजे पोकळी भरून काढणारा, फार तर हाडाला पोसणारा स्निग्ध ऐवज, अशी समजूत होती.

शोध मोठाच होता. पण तो ज्या रीतीने लागला, त्या रीतीने पुढच्या शंभर वर्षांची दिशाही ठरवून टाकली, असं मला वाटतं. आपल्याकडे रविवारच्या मटणात नळी आली की ती ताटलीवर ठोकून मगज काढतात. ठोकल्यावर सुटा मगज भसकन बाहेर येतो आणि आतल्या बारीक जाळीला चिकटलेला तिथेच राहतो. हाड दाबलं काय किंवा आजच्यासारखी कमरेच्या हाडात सुई घालून सिरिंजने मज्जा, म्हणजे हाच मगज, ओढली काय, हाती येतात त्या सुट्या पेशी. ज्या पेशी एकमेकींचे हात धरून जाळं विणून बसलेल्या असतात, हाडाच्या आतल्या भिंतीला आणि रक्तवाहिन्यांना बिलगलेल्या असतात, त्या बहुतेक मागे राहतात. आल्याच तर तुकड्या-तुकड्यांनी, फाटून येतात. पॅथॉलॉजीच्या काचेवर मज्जेचा थेंब पसरला की त्यात बारीक कण दिसतात. त्या कणांच्या मागे पसरलेल्या सुट्या पेशींच्या शेपटीत डॉक्टर नजर घालतात, पेशी मोजतात, निदान करतात. खुद्द कणात काय गुंतलेलं आहे, ते त्या काचेवर नीट वाचता येत नाही. रक्ताच्या विज्ञानाने घरातली माणसं ओढून बाहेर आणली आणि मोजली. घर मागेच राहिलं.

घराची पहिली खूण मात्र नॉयमान यांनाच दिसली होती. १८८२ मध्ये त्यांनी नोंदवलं की जन्मतः सगळ्या हाडांत लाल मज्जा असते, पण वय वाढतं तशी हातापायांच्या लांब हाडांतली मज्जा चरबीने पिवळी होत जाते आणि लाल मज्जा मुख्यतः धडाच्या हाडांत उरते. शरीर एक, रक्त एक, ते सगळीकडे फिरणारं. मग रक्त घडवणाऱ्या पेशी मनगटात का टिकत नाहीत आणि बरगडीत, मणक्यात, कमरेच्या हाडात का टिकतात? पेशी जर स्वतःच्या बळावर सगळं करत असतील तर जागेने फरक पडायला नको. प्रश्न समोर होता, पण तो तेव्हा कुणी अशा शब्दांत विचारला नाही.

पुढचं मोठं नाव अलेक्झांडर माक्सिमोव्ह यांचं. सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी वैद्यकीय अकादमीतले हे प्राध्यापक १९०९ मध्ये बर्लिनला रक्तशास्त्रज्ञांसमोर बोलले, आणि रक्तातल्या सगळ्या तऱ्हेच्या पेशी एकाच मूळ पेशीपासून येतात हा विचार त्यांनी ठामपणे मांडला. ही मूळ पेशी कुठे काय बनेल यात भोवतालच्या ऊतींचाही वाटा असला पाहिजे, हेही त्यांच्या लिखाणात येतं. १९२२ साली ते रशिया सोडून शिकागोला गेले आणि १९२८ मध्ये तिथेच वारले. एकच मूळ पेशी असते हा त्यांचा अर्धा विचार पुढे जगभर गेला. भोवतालाचा अर्धा तसाच पडून राहिला.

मग अणुबाँब पडले. हिरोशिमा आणि नागासाकीत स्फोटातून वाचलेली कित्येक माणसं पुढच्या आठवड्यांत रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग होऊन दगावली, कारण किरणांनी त्यांची मज्जा जळून गेली होती. त्यामुळे युद्धानंतर किरणोत्सर्ग आणि मज्जा या विषयाला एकाएकी पैसाही मिळाला आणि निकडही आली. १९४९ मध्ये शिकागोत लिऑन जेकबसन यांनी उंदराच्या प्लीहेभोवती, म्हणजे आपल्या बोलीतल्या पानथरीभोवती, शिशाचं कवच ठेवून बाकी शरीरावर मारक किरणं सोडली. उंदीर जगले. १९५१ मध्ये एगॉन लोरेन्झ आणि सहकाऱ्यांनी मज्जेच्या इंजेक्शनाने तोच परिणाम साधला. काही वर्षं वाद चालला की उंदीर वाचतात ते मज्जेतल्या एखाद्या रसायनामुळे की पेशींमुळे. १९५६ मध्ये इंग्लंडात हारवेलच्या प्रयोगशाळेत गुणसूत्रांच्या खुणेवरून सिद्ध झालं की दात्याच्या पेशीच रुजतात आणि वाढतात.

शिरेतून सोडलेल्या पेशी रक्तात फिरून नेमक्या हाडात जाऊन बसतात, ही गोष्ट एव्हाना सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. त्यांना पत्ता कुणी सांगितला, हा प्रश्न मात्र अजून उभा राहिला नव्हता.

टोरांटोच्या आँटॅरिओ कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये १९६० च्या सुमारास दोन माणसं एकत्र काम करत होती. जेम्स टिल हे भौतिकशास्त्राकडून आलेले, नेमक्या मोजमापाचे. अर्नेस्ट मॅकक्युलॉक डॉक्टर, मोकळ्या कल्पनांचे. किरणांनी मज्जा नष्ट केलेल्या उंदरांना मोजून-मापून निरोगी मज्जेच्या पेशी टोचायच्या आणि किती पेशींवर उंदीर जगतो ते पाहायचं, असा प्रयोग चालला होता. एका रविवारी मॅकक्युलॉक एकटेच प्रयोगशाळेत आले. टोचून दहा दिवस झालेले उंदीर त्यांनी उघडले, तर प्लीहेवर बारीक उंचवटे दिसले, भिजवलेल्या मटकीच्या दाण्यांसारखे. त्यांनी ते मोजले. जास्त पेशी टोचलेल्या उंदरात जास्त गाठी, कमी टोचलेल्यात कमी. साधारण १० हजार पेशींमागे एक गाठ. सोमवारी सहकाऱ्यांसमोर त्यांनी आलेखच ठेवला. १९६१ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि १९६३ मध्ये त्यांचे विद्यार्थी अँडी बेकर यांच्यासोबत त्यांनी दाखवलं की प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून वाढलेली असते. माक्सिमोव्ह यांची मूळ पेशी आता मोजता येऊ लागली.

हा रविवार रक्ताच्या इतिहासात पुन्हा पुन्हा सांगितला जातो, आणि तो सांगण्यासारखा आहेच. पण माझं मन जास्त गुंततं ते त्याच्या शेजारच्या गोष्टीत. ती गोष्ट घडली दोन पांढऱ्या उंदरांमुळे.

अमेरिकेच्या मेन राज्यात, समुद्रातल्या एका बेटावर, बार हार्बर गावात जॅक्सन लॅबोरेटरी आहे. १९२९ पासून तिथे उंदरांचे शुद्ध वंश जोपासले जातात आणि जगभर पाठवले जातात. ऑक्टोबर १९४७ मध्ये बेटावर वणवा पेटला आणि प्रयोगशाळा खाक झाली, जवळजवळ सगळे उंदीर त्यात गेले. मग पूर्वी जिथे जिथे या वंशांचे उंदीर पाठवले होते तिथल्या प्रयोगशाळांनी जोड्या परत पाठवल्या. एखाद्याचं घरदार जळालं की सोयरे-धायरे बियाण्याचं धान्य आणून देतात, तसं. वंश पुन्हा उभे करण्याच्या या कामात एलिझाबेथ रसेल पुढे होत्या. त्यांचा स्वतःचा अभ्यास चालला होता ‘डब्ल्यू’ नावाच्या दोषाचा. या उंदरांचे डोळे काळे, अंग पांढरं, रक्त पातळ. ते वांझही असत.

१९५६ मध्ये टेनेसीतल्या ओक रिज इथे पॅट्रिशिया सार्व्हेला आणि लिआन रसेल यांनी (आडनाव तेच, संशोधक वेगळ्या) आणखी एका दोषाची नोंद केली. केसांना येणाऱ्या पोलादी छटेवरून त्याला नाव पडलं ‘स्टील’. या दोषाच्या काही प्रकारांत दोन बिघडलेली जनुकं एकत्र आली की उंदीर जन्मतो तो काळ्या डोळ्यांचा, पांढऱ्या अंगाचा, पंडुरोगी आणि वांझ.

पिंजऱ्यात शेजारी शेजारी ठेवले तर डब्ल्यू कुठला आणि स्टील कुठला हे ओळखणं कठीण. दोघांतही त्याच तीन गोष्टी बिघडलेल्या: केसांचा रंग, रक्त आणि प्रजनन. या तिघांत काय साम्य? गर्भात रंगद्रव्याच्या पेशी एका ठिकाणी उगम पावतात आणि चालत चालत कातडीत जाऊन वसतात. प्रजननाच्या पेशीही लांबून येतात. रक्ताच्या मूळ पेशी आधी यकृतात आणि मग हाडात मुक्काम करतात. तिन्ही जाती वाटसरूंच्या, परक्या ऊतीत जाऊन घर करणाऱ्या. डोळे काळे राहतात, कारण डोळ्याच्या पडद्यातला रंग जागच्या जागी तयार होतो, त्याला कुठे जावं लागत नाही.

एलिझाबेथ रसेल आणि त्यांचे सहकारी सेल्डन बर्नस्टीन यांनी १९५० च्या दशकात डब्ल्यू उंदरांना निरोगी उंदरांच्या रक्तोत्पादक पेशी टोचल्या. उंदीर बरे झाले, आणि पुढे दिसलं की त्यासाठी आधी किरणं देऊन मज्जा जाळण्याचीही गरज नाही. नव्या पेशी आपोआप जम बसवत. मग हाच उपाय स्टीलवर केला. काही होईना. तीच निरोगी मज्जा, तीच सुई, पण स्टील उंदीर पंडुरोगीच राहिला.

१९६४ आणि १९६५ मध्ये टोरांटोची गाठी मोजण्याची युक्ती आणि बार हार्बरचे उंदीर एकत्र आले. डब्ल्यूची मज्जा निरोगी उंदरात घातली, तर प्लीहेवर गाठी उठल्या नाहीत: पेशीच सदोष. स्टीलची मज्जा निरोगी उंदरात घातली, तर गाठी व्यवस्थित उठल्या: पेशीत काही दोष नाही. उलट बाजूने निरोगी मज्जा स्टीलमध्ये घातली तर गाठी धरत नव्हत्या. एवढंच नाही, ज्या स्टील उंदराचं स्वतःचं रक्त कधी भरलं नाही, त्याचीच मज्जा डब्ल्यू उंदराला टोचली की डब्ल्यू बरा होई.

ही शेवटची ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा थांबलो होतो. आजाऱ्याच्या हाडातली मज्जा दुसऱ्या आजाऱ्याला बरं करते, कारण पहिल्याचं बियाणं कसदार आहे, त्याची जमीन फुकट गेली आहे. हे कुठलाही शेतकरी एका वाक्यात सांगेल. प्रयोगशाळेला ते कळायला नॉयमान यांच्यानंतर जवळपास शंभर वर्षं लागली, आणि तेही अशा दोन उंदरांमुळे, जे एकमेकांसारखे दिसत नसते तर कदाचित कुणी त्यांना शेजारी ठेवलंच नसतं.

जमीन आहे, एवढं आता कळलं. जमीन काय करते?

ह्यूस्टनला बेलर वैद्यकीय महाविद्यालयात जॉन ट्रेंटिन आणि एन. एस. वुल्फ यांनी या प्रश्नाला हात घातला. प्लीहेत उठणाऱ्या गाठी बहुतांश लाल पेशींच्या असतात, हाडात उठणाऱ्या बहुतांश पांढऱ्या पेशींच्या, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. मग त्यांनी उंदराच्या प्लीहेतच मज्जेचा एक तुकडा रोवला, उंदराला किरणं दिली आणि शिरेतून मूळ पेशी सोडल्या. प्लीहेच्या भागात लाल गाठी आल्या, रोवलेल्या मज्जेच्या भागात पांढऱ्या. काही गाठी दोहोंच्या हद्दीवरच वाढल्या, आणि पातळ काप करून पाहिल्यावर दिसलं की एकाच गाठीचा प्लीहेतला भाग लाल पेशींचा आहे, मज्जेतला पांढऱ्या पेशींचा, आणि मधली रेघ अगदी स्पष्ट आहे. हे १९६८ साली छापून आलं. शेताच्या बांधाच्या अलीकडे काळी, पलीकडे मुरमाड जमीन असावी आणि एकाच पेरणीचं पीक बांधापाशी बदलावं, असं ते चित्र.

टोरांटोच्या लोकांचं मत निराळं होतं. मूळ पेशी काय बनेल हे यदृच्छेने ठरतं, असं त्यांचं गणित सांगत होतं. दोन्ही सिद्धांतांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं घेतली तर एक होतं ‘हिम’ आणि दुसरं ‘हर’, त्यामुळे त्या काळच्या सभांमध्ये हा वाद याच नावांनी ओळखला जाई. आज दोहोंतही तथ्य मानतात.

त्याच १९६८ मध्ये बॉस्टनला मेहदी तवासोली आणि विल्यम क्रॉस्बी यांनी मज्जेचे तुकडे काढून शरीरात दुसरीकडे, जिथे हाड नाही अशा जागी रोवले आणि रोज काय होतं ते पाहत गेले. आधी तुकड्यातल्या रक्ताच्या पेशी मेल्या. उरला नुसता सांगाडा, जाळीच्या पेशींचा. त्या पेशींनी आधी हाड रचलं, मग हाडाच्या आत रुंद, पातळ भिंतींच्या रक्तवाहिन्या तयार झाल्या, आणि अखेरीस त्या पोकळीत रक्त घडवणाऱ्या पेशी येऊन राहिल्या.

मॉस्कोत गामालेया संस्थेत अलेक्झांडर फ्रीडेनश्टाइन याच वाटेवर आणखी पुढे गेले. मज्जेचा द्रव त्यांनी काचेच्या भांड्यात ओतला आणि काही वेळाने सुट्या पेशी धुऊन टाकल्या. तळाशी चिकटून राहिलेल्या मोजक्या पेशी त्यांनी जपल्या. इतरांच्या लेखी हा गाळ होता. त्या लांबुळक्या पेशींतली एकेक पेशी वाढून स्वतंत्र वसाहत करी. अशी वसाहत उंदराच्या मूत्रपिंडाच्या पातळ आवरणाखाली ठेवली की तिथे हाडाची बारीकशी डबी तयार होई, आणि डबीत लाल मज्जा! तपासून पाहिलं तर हाड आणि जाळी रोवलेल्या पेशींची, म्हणजे दात्याची. आतलं रक्त मात्र यजमान उंदराचं. मूत्रपिंडावर, जिथे प्रौढ उंदीर कधी रक्त बनवत नाही, तिथे कुणीतरी घर बांधलं, आणि रक्ताच्या वाटसरू पेशी ते ओळखून मुक्कामाला आल्या. सोव्हिएत काळातलं हे काम पश्चिमेत बरंच उशिरा गाजलं. आज ज्यांना मेसेन्कायमल किंवा स्ट्रोमल पेशी म्हणतात, त्यांच्या प्रत्येक अभ्यासाचं मूळ त्या धुऊन उरलेल्या तळात आहे.

आता मँचेस्टरला जाऊ. क्रिस्टी रुग्णालयाला लागून असलेल्या पॅटरसन प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात हंगेरीहून आलेले लासलो लायता यांच्याभोवती एक फार चांगला गट जमला होता. ब्रायन लॉर्ड यांनी १९७५ मध्ये उंदराच्या मांडीच्या हाडातली मज्जा मध्यापासून काठापर्यंत थराथराने तपासून दाखवलं की अधिक आदिम पेशी हाडाच्या आतल्या भिंतीलगत जास्त सापडतात. मज्जा म्हणजे सरमिसळ झालेला चिखल नव्हे, तिच्यात कोण कुठे बसतं याला काही रीत आहे.

याच गटातल्या मायकल डेक्स्टर यांची अडचण साधी होती. मज्जेतल्या मूळ पेशी बाटलीत ठेवल्या की थोड्याच दिवसांत संपून जात. कितीही पोषक द्रव दिला तरी. डेक्स्टर यांनी केलं असं की मज्जा बाटलीत घालून ती तशीच राहू दिली, आठवड्यातून एकदा निम्मा द्रव बदलला, तापमान नेहमीच्या ३७ ऐवजी ३३ अंश ठेवलं आणि घोड्याच्या रक्ताचा सीरम वापरला. सगळ्या खेपांचा सीरम चालत नसे. एका खेपेत बहर, दुसरीत काही नाही, म्हणून चांगली खेप सापडली की लोक ती जपून ठेवत. दोन-तीन आठवड्यांत बाटलीच्या तळावर पेशींचा एक गालिचा तयार होई. त्यात लांब हातांच्या पसरट पेशी, मोठमोठ्या चरबीच्या पेशी, कचरा गिळणाऱ्या भक्षक पेशी असत. हा थर पुरता जमला की मग दुसऱ्या उंदराची ताजी मज्जा त्यावर सोडायची.

आपल्याकडे पहिला पाऊस पडला म्हणून लगेच कुणी पेरत नाही. जमीन ओली हवी पण चिकट नको, हातात घेतलेलं ढेकूळ दाबल्यावर सुटं व्हावं, अशी वेळ यावी लागते. तिला वाफसा म्हणतात. डेक्स्टर यांनी बाटलीत तीन आठवडे वाट पाहिली ती वाफशाची. नंतर सोडलेल्या पेशी गालिच्याच्या खाली शिरून दाटीवाटीने बसत. वरून पाहिलं की जुन्या रस्त्याच्या फरसबंदीसारख्या दिसत. तिथून आठवड्यामागून आठवडे, काही महिने, नव्या पेशी सुटून द्रवात येत राहत. लायता आणि सूक्ष्मदर्शकाचे जाणकार टेरी ॲलन यांच्यासह हा निबंध १९७७ मध्ये निघाला. रक्त पहिल्यांदाच शरीराबाहेर दीर्घकाळ वाहतं राहिलं होतं, आणि ते वाहतं ठेवलं होतं तळाला चिकटलेल्या पेशींनी.

त्याच इमारतीत रेमंड स्कोफिल्ड यांना एक विसंगती छळत होती. प्लीहेवर गाठ उठवणारी पेशी हीच मूळ पेशी, असं तोवर मानलं जाई. पण या पेशी एका उंदरातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात नेत गेलं की त्यांचं बळ सरत जाई. इकडे शाबूत मज्जा तर अख्खं आयुष्य थकत नाही. माणसाची मज्जा रोज सुमारे २० हजार कोटी लाल पेशी देते आणि ऐंशीव्या वर्षीही देत असते. स्कोफिल्ड यांनी १९७८ मध्ये एक तर्क मांडला. खरी मूळ पेशी ही एका ठरावीक जागी, इतर पेशींच्या निकट सहवासात बसलेली असते आणि तोवरच ती मूळ पेशी असते. तिची दुभंगून झालेली एक लेक जागेवर राहते. दुसरी बाहेर पडते, प्रौढ होते आणि रक्त बनून संपते. बाहेर पडलेलीला दुसरी रिकामी जागा सापडली तर ती पुन्हा मूळ पेशी होऊ शकते. म्हणजे अमरपण पेशीच्या अंगचं नाही, जागेचं आहे.

या जागेला त्यांनी नाव दिलं ‘निश’. इंग्रजीत हा शब्द मुळात भिंतीतल्या खोबणीचा. आपल्याकडे त्याला घरचाच शब्द आहे: कोनाडा. जुन्या वाड्याच्या जाड भिंतीत कोनाडा असतो आणि त्यात तिन्हीसांजेला दिवा ठेवतात. अंगणात ठेवलेला दिवा पहिल्या झुळकीला जातो. कोनाड्यातला रात्रभर तेवतो. स्कोफिल्ड यांचा सगळा निबंध या दिव्यात मावतो. त्यांच्यापाशी कोनाड्याच्या विटा दाखवण्यासारखा पुरावा नव्हता, नुसता तर्क होता, त्यामुळे बरीच वर्षं तो निबंध थोड्यांनीच वाचला. २००० मध्ये फळमाशीच्या अंडाशयात अशी जागा डोळ्यांनी दिसली, तेव्हा सगळे पुन्हा १९७८ कडे वळले.

मधल्या काळात दोन पांढऱ्या उंदरांचं कोडंही सुटलं होतं. १९८८ मध्ये कळलं की डब्ल्यूचा दोष मूळ पेशीच्या अंगावरच्या ‘किट’ नावाच्या एका ग्राहक रेणूत आहे. १९९० मध्ये अनेक गटांनी एकाच वेळी स्टीलचा रेणू शोधला. किटला जाऊन बिलगणारा तो हाच. एका उंदरात हात नव्हता, दुसऱ्यात तो धरणारं बोट नव्हतं. जॅक्सन लॅबोरेटरीतल्या मार्गारेट डिकी यांच्या नावाने ओळखला जाणारा स्टीलचा एक प्रकार यात जास्त शिकवून गेला. त्या उंदरात हा रेणू तयार होतो, पण द्रवात सुटा फिरणारा. आधारपेशीच्या पृष्ठभागावर रोवलेला राहत नाही. तेवढ्यानेच उंदीर आजारी पडतो. औषध द्रवात आहे, अंगाला लागलं पाहिजे तिथे नाही. डेक्स्टर यांच्या बाटलीत पोषक द्रव पुरत नव्हता, गालिचा लागत होता, तो का, हेही त्यातून उलगडलं.

कोनाडा नेमका कुणी बांधला यावर पुढे बरीच रस्सीखेच झाली. २००३ मध्ये एकाच नियतकालिकात दोन निबंध शेजारी आले, बॉस्टनच्या डेव्हिड स्कॅडन यांच्या गटाचा आणि कॅन्सस सिटीच्या लिनहेंग ली यांच्या गटाचा. दोघांचं बोट हाड रचणाऱ्या पेशींकडे होतं. २००५ मध्ये शॉन मॉरिसन यांच्या गटाने दाखवलं की बहुतेक मूळ पेशी मज्जेतल्या रुंद रक्तवाहिन्यांना टेकून असतात. २००६ मध्ये जपानमध्ये ताकाशी नागासावा यांच्या गटाला वाहिन्यांभोवतीच्या लांब हातांच्या जाळीदार पेशी दिसल्या, ज्या मूळ पेशींना धरून ठेवणारा एक रेणू भरभरून स्रवतात. पॉल फ्रेनेट यांनी न्यूयॉर्कमध्ये या पेशींपर्यंत मज्जातंतू पोचतात आणि मूळ पेशींचं रक्तात येणं-जाणं दिवस-रात्रीच्या तालावर चालतं, हे उलगडलं. २०१२ मध्ये मॉरिसन यांच्या गटाने एकेका जातीच्या पेशीतून स्टीलचा रेणू काढून पाहिला. हाड रचणाऱ्या पेशींतून काढला तर मूळ पेशींना फरक पडला नाही. वाहिनीच्या अस्तरातून आणि वाहिनीभोवतीच्या पेशींतून काढला, तेव्हा मूळ पेशी ओसरल्या.

रोममध्ये पाओलो बियांको यांच्या गटाने २००७ मध्येच माणसाच्या मज्जेत वाहिनीला वेढून बसलेल्या या पेशी वेगळ्या काढल्या होत्या. उंदरात रोवल्या तर त्यांनी हाडाची डबी बांधली, आणि डबीत उंदराचं रक्त येऊन राहिलं. मॉस्कोतल्या काचेच्या तळाला चिकटलेली ती पेशी शरीरात कुठे बसते, हे तेव्हा कळलं.

प्रयोगशाळेतून आता रुग्णालयात येऊ. १९८३ मध्ये मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातलं पहिलं यशस्वी मज्जारोपण केलं. आज ते पुण्यातही होतं, इतर शहरांतही. दात्याच्या कमरेच्या हाडातून मज्जा ओढण्याऐवजी आता बहुधा त्याला काही दिवस इंजेक्शनं देतात आणि कोनाड्यातल्या पेशी सैल करून दंडाच्या शिरेतून गोळा करतात. इंजेक्शनांनी भागलं नाही तर आणखी एक औषध आहे, २००८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं. जाळीदार पेशींच्या त्या धरून ठेवणाऱ्या रेणूची पकडच ते सोडवतं.

रोपण म्हटलं की नातेवाइकांना मोठी शस्त्रक्रिया वाटते. प्रत्यक्षात खाटेशेजारच्या स्टँडवर रक्ताच्या पिशवीसारखी एक पिशवी लटकते आणि थेंब थेंब शिरेत उतरत राहते. कुणी हाड उघडत नाही. पेशी फुप्फुसांतून, हृदयातून फिरतात आणि एक-दोन दिवसांत मज्जेतल्या वाहिन्यांशी येऊन थांबतात, आत शिरतात, बसतात. साधारण दोन-तीन आठवड्यांनी रोजच्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशींचा आकडा हलू लागतो आणि वॉर्डातल्या सिस्टर तो आनंदाने मोठ्याने वाचून दाखवतात.

भावाची मज्जा बहिणीला दिली असेल तर पुढे तिच्या रक्तपेशींत भावाचं वाय गुणसूत्र सापडतं. दोघांचा रक्तगट वेगळा असेल तर तिचा रक्तगट बदलून भावाचा होतो. पण तिच्या हाडातली जाळी, वाहिनीभोवतीच्या त्या लांब हातांच्या पेशी, ज्यांच्या कुशीत भावाच्या पेशी येऊन बसल्या, त्या तपासल्या तर त्यांत लिंग ठरवणारी दोन्ही गुणसूत्रं एक्सच निघतात. त्या तिच्याच असतात, जन्मापासूनच्या.